वर्षातून दोनदा लागणारी करवत

“कापायचं काय आहे?” दुकानाच्या काउंटरमागून मिग्दालियाने विचारलं.

एलादियो भिंतीवर टांगलेल्या चेनसॉ बघत उभा होता. “तसं खास काही नाही. वर्षातून दोनदा लागेल. वादळ आलं तर.”

“मग ही बॅटरीवरची न्या. बटण दाबलं की सुरू. धूर नाही, कटकट नाही.”

“वादळानंतर चार्ज कुठे करू, ताई? आमच्या डोंगरात पाच महिने वीज नव्हती.”

“खरंय हो. इथे खाली आम्हा आरेसिबोच्या लोकांची दोन आठवड्यांत आली, तर आम्ही विसरूनही गेलो.” तिने एक भलं मोठं मशीन उचलून काउंटरवर ठेवलं. “मग हे पेट्रोलवरचं. वीस इंची पट्टी. कसलंही खोड असू दे, लोण्यासारखं कापेल.”

“फार जड. नवख्याच्या हातात दिलं तर झाडाआधी पाय तुटायचा.”

वर डोंगरात, त्याच्या उतुआदो गावात अशी दोन दुकानं होती. ती सोडून एलादियो तासभर गाडी चालवून इथे खाली आला होता. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

मिग्दालियाने मग चौदा इंची पट्टीचं एक छोटं मशीन काढलं. त्याने ते हातात घेतलं, मनगटाने पुढचा ब्रेक सरकवून पाहिला, चेन किती ताणलीय ते बोटाने उचलून बघितलं. तिचं लक्ष होतं.

“हात सरावलेला दिसतोय की, दादा.”

“बघितलंय थोडंफार.”

“मग मोठं का नको?”

“ज्याने कधी हातात धरली नाही, त्यालाही झेपली पाहिजे. दोरीच्या एका ओढीत सुरू होते का ही?”

“दोन ओढी धरा. बाकी तुमच्यासारखं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतेय. इथे येणारा प्रत्येक पुरुष आईच्या पोटातूनच लाकूडतोड्या होऊन येतो. सगळ्यांत मोठं मशीन घेऊन जातो आणि आठ दिवसांनी टाके घालून हातमोजे मागायला येतो.”

एलादियो हसला नाही. “हातमोजेही द्या. मोठे.”

“तुमच्या हाताला ढगळ होतील.”

“होऊ देत.”

तिने हातमोजे ठेवले, डोळ्यांना लावायचा चष्मा ठेवला. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते सांगितलं. त्याने ते मान खाली घालून, शाळकरी पोरासारखं, खोक्यावर लिहून घेतलं. माप मोठ्या, सुटसुटीत अक्षरांत लिहिलं. मग सहज बोलावं तसं तिने विचारलं, “मागच्या वादळात फार नुकसान झालं का?”

एलादियोने खोक्याचं झाकण लावलं.

“रस्त्यावर पिचकारीचं झाड आडवं पडलं. कंबरेएवढं खोड. चेनसॉ असती तर अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला असता. कोयत्याने किती तुटणार?” त्याने खोक्यावरून हात फिरवला. “इराइदाला दमा होता. गाडीतच गेली. झाडाच्या अलीकडे.”

मिग्दालियाने छातीवर क्रूस काढला. “देव तिला शांती देवो. किती वर्षांचा संसार—”

“तेवीस वर्षं,” तो पटकन म्हणाला. “तेवीस वर्षं राहिली त्या घरात.”

मिग्दालिया आत गेली आणि एक जादा चेन घेऊन आली. “ही माझ्याकडून.”

“नको.”

“घ्या हो. आणि एक सांगू? मनाला लावून घेऊ नका. करवतच नव्हती, तर तुम्ही तरी काय करणार होतात?”

एलादियोने खिसे चाचपायला सुरुवात केली. किल्ल्या समोर काउंटरवरच होत्या. तिने त्या त्याच्या हातात दिल्या. खोकं उचलून तो निघाला. चेन तिथेच राहिली.

वरचा रस्ता आता साफ होता. त्या वळणावर उरलेल्या बुंध्याला नवे कोंब फुटले होते. एलादियोने नजर समोरच ठेवली. वस्तीच्या टोकाच्या घरापुढे त्याने गाडी थांबवली, खोकं खांद्यावर घेतलं आणि दार वाजवलं.

दार नेफ्तालीने उघडलं. धिप्पाड माणूस, पण शर्ट अंगावर लोंबत होता.

“तू?” तो म्हणाला. “अरे, आठ महिने झाले! दफनाच्या दिवशी मागे उभा राहिलास, तसाच निघून गेलास. मला वाटायला लागलं होतं, इराइदा गेली तशी शेजाऱ्यानेही पाठ फिरवली. ये, कॉफी टाकतो. तिच्यासारखी होत नाही, पण पिण्याजोगी होते.”

एलादियो आत आला. कपाटावर इराइदाच्या लग्नातला फोटो होता. शेजारी पांढऱ्या कोटात नेफ्ताली. एलादियोने खोकं टेबलावर ठेवलं.

“तुझ्यासाठी आणलंय.”

नेफ्तालीने झाकण उघडलं. “चेनसॉ? मला कुठे चालवता येते? आणि तुझी आहे की दोन घरं सोडून.”

“मी शिकवतो. सोपी आहे. कुणाच्या दारात जायची वेळ नको यायला.”

नेफ्तालीने जवळ येऊन एलादियोच्या खांद्यावर हात ठेवला.

“म्हणून तोंड चुकवत होतास होय? वेड्या, मी तुला कधी बोल लावला का? त्या दिवशी तुझं दार बडवलं, हाका मारल्या, पण तू तर पोन्सला बहिणीकडे अडकलेला, असं नंतर कळलं. घरी असतास, तर मशीन घेऊन माझ्या पुढे धावला असतास. एवढं माहीत नाही का मला?”

एलादियोने टोपी काढली.

“मी घरातच होतो, नेफ्ताली. दाराच्या आत, उभा. वाऱ्यात तुझं बोलणं कळत नव्हतं. सकाळपासून तिघं जण करवत मागून गेले होते. मला वाटलं, तुलाही नुसती करवतच हवी आहे.”