शेवटच्या पायरीपर्यंत

"हौऽ रे राजा, वळ रे सोन्या!" मळणीच्या बैलांना आबांनी खळ्यातून घातलेली साद लहानपणी वैजंताला पार ओढ्यापलीकडे ऐकू यायची.

आता त्याच गोल खळ्याभोवती तिनं दगडी पायऱ्यांचं रोमन नाट्यगृह उभारलं होतं. कधीकाळी या तेर गावचा माल रोमला जायचा. तो जुना बाजार उद्यापासून इथं तिकीट लावून रंगणार होता. अनुदान नाही, देणगी नाही. जागेनं आपल्या पायांवर उभं राहायचं. पण तालमीत शेवटच्या पायरीवर बसलेल्या वैजंताला कडेच्या कमानीखाली उभं राहून बोलणाऱ्या रोमन व्यापाऱ्याचा एक शब्द ऐकू येईना. ऐकूच आलं नाही, तर दुसऱ्यांदा कोण येणार?

"ताई, भोंगा लावू या की!" अंगावरच्या रोमन टोग्याला कासोटा मारलेला व्यापारी तिथूनच ओरडला.

"रोमला भोंगा होता का रे?" ती हसून म्हणाली खरी, पण डोळे भरून आले होते. व्यापारी चहाला गेला.

तेवढ्यात आबा आत आले. खळं मोडल्यापासून त्यांनी लेकीशी अबोला धरला होता. सवयीनं ते मधोमध, मळणीचा खांब होता तिथं थांबले. वर बसलेली वैजंता त्यांना दिसलीच नाही. वाकून त्यांनी माती कपाळाला लावली आणि मातीशीच पुटपुटले. शब्दन् शब्द शेवटच्या पायरीवर येऊन पोचला. वैजंताचा जीव भांड्यात पडला.

"तुला मोडलं म्हणून रुसलो नव्हतो गं माये. पोरीचं हसं होईल म्हणून भ्यालो होतो. लई देखणं बांधलंय तिनं."