पॉश म्हणजे

"लई पॉश केलंय की घर!" जिन्याच्या काचेच्या कठड्यावरून हात फिरवत एक पाहुणी म्हणाली. सकाळपासून येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता.

सोफ्याच्या कडेला बसलेल्या शकुंतलानं पदर सारखा केला. जुळे सोलापूर भागातलं हे घर तिच्या धाकट्या बहिणीचं. दानेश्वरी दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाली होती. तिच्या नवऱ्याचा, पंचाक्षरीचा, टॉवेलचा कारखाना चालला आणि आज त्यांच्या घराची वास्तुशांत होती. शकुंतला बावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवत होती आणि अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती.

कुंभारीहून आलेल्या त्यांच्या आईनं, कस्तुराबाईनं विचारलं, "पॉश म्हंजी काय गं? सकाळपासनं ऐकतीया."

दानेश्वरी हसली. "अक्काला विचार की, अव्वा. आपल्यात इंग्रजी तिलाच येतं."

शकुंतला सरसावून बसली.

"श्रीमंती थाटाचं, ते पॉश. पण शब्द आला कुठून, हे खात्रीनं कुणालाच माहीत नाही. बोटीतल्या महागड्या खोल्यांवरून आला असं सांगतात, त्याला काही पुरावा नाही. काही अभ्यासक म्हणतात, इंग्लंडातल्या भटक्या लोकांच्या भाषेत पॉश म्हणजे अर्धं. अर्धी पेनी म्हणजे तिथलं बारकं नाणं, त्यावरून चोरांच्या बोलीत गेला. तिथं अर्थ झाला चिल्लर." तिनं बहिणीकडं बघितलं. "नटूनथटून मिरवणाऱ्यालाही मग पॉश म्हणायला लागले."

गप्पा मारणारे पाहुणेही तिच्याकडं वळले होते. पंचाक्षरीनं खिशातून मोबाईल काढला. दानेश्वरी पेढ्यांचा ट्रे घेऊन तशीच आत गेली.

शकुंतलाला क्षणभर फार बरं वाटलं.

"तिच्याच घरी जेवलीस न्हवं आत्ता?" कस्तुराबाई हळूच म्हणाली.

शकुंतला उठून स्वयंपाकघरात गेली. दानेश्वरी ओट्याकडं तोंड करून उभी होती.

"रागावलीस?"

"रागावले की. सहा महिने एकेक फरशी निवडलीय मी." तिनं डोळे पुसले आणि वळली. "पण तू बोलायला लागलीस तसं सगळे गप बसले, बघितलंस? ह्यांचे व्यापारी, त्यांच्या बायका, सगळे. मी बोलायला लागले की मधेच दुसरा विषय काढतात. एवढं घर बांधलं, तरी."

लहानपणापासून ही आपल्यावर जळत असेल, असं शकुंतलाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दानेश्वरीनं खणातून पेन काढलं आणि वास्तुशांतीची उरलेली पत्रिका पालथी केली.

"ते अर्ध्याचं परत सांग, अक्का. सोमवारी माझ्या भिशीतल्या बायका येणारेत. त्यांना सांगीन म्हणते."

वर्गात शकुंतला प्रत्येक नवा शब्द तीनदा सांगायची, फळ्यावर लिहून द्यायची. आता तिनं एकदाच सांगितलं, तेही भरभर. मधेच एका शब्दाशी पेन अडलं आणि दानेश्वरीनं मान वर केली, तेव्हा शकुंतला खिडकीतून बाहेर बघत राहिली.