चर्चमागची थडगी

बर्गनला निघालेलं तोरल्फचं जहाज बुडालं, त्याला दोन महिने होत आले होते. त्याची बायको सिग्ने मात्र दर रविवारी चर्चमागे जाऊन त्याला मारणाऱ्यांच्याच थडग्यांवर फुलं ठेवत होती. तिथे चार इंग्रज वैमानिक पुरले होते. युद्धात देश बळकावून बसलेल्या जर्मनांचा माल नेणाऱ्या त्या जहाजावर बॉम्ब टाकताना त्यांचं विमान डोलकाठीला धडकलं आणि खाडीत पडलं. त्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली. जहाजावरचं कुणी वाचलं नाही, आणि तोरल्फचं तर प्रेतही मिळालं नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. जहाज कधी सुटणार, हे इंग्रजांना कळवलं कुणी? शेवटी एका रविवारी तोरल्फची बहीण बोर्गहिल्ड सिग्नेच्या मागोमाग गेलीच.

"खरं सांग वहिनी, यांच्यातला कुणी तुझ्या ओळखीचा होता?"

"नाही."

"मग निरोप तू धाडलास?"

"मी धाडला असता, तर त्या दिवशी त्याला घराबाहेर पडू दिलं असतं का?"

"मग माझ्या भावाच्या मारेकऱ्यांना फुलं कशाला?"

सिग्नेने थडग्यावरची पानं हाताने बाजूला सारली.

"किनाऱ्यावरून ज्यांनी पाहिलं ते सांगतात, विमान पाण्याला टेकेल इतक्या खालून आलं होतं. जहाजावरच्या माणसांचे चेहरे दिसावेत, इतक्या खालून. तोरल्फ सुकाणूवर होता ना? त्याला शेवटचं यांनीच पाहिलं, बोर्गहिल्ड. मी आणखी कुणाकडे जाऊ?"