यादीतला फोन

नवऱ्याचं, योगेशचं घर सोडताना तृप्तीने कपड्यांच्या बॅगेबरोबर दोनच वस्तू उचलल्या होत्या, वायफायचा राउटर आणि त्याला जोडलेला छोटा सर्व्हर. योगेशच्या धमक्यांची सगळी रेकॉर्डिंग त्या सर्व्हरवर होती. पाथर्डी फाट्याच्या या भाड्याच्या फ्लॅटचा पत्ता तिने माहेरीसुद्धा कळवला नव्हता.

उद्या वकिलांना पेनड्राइव्ह द्यायचा होता आणि फाइली लॅपटॉपवर उतरता उतरत नव्हत्या. म्हणून रविवारी दुपारी तिने अंबडच्या तिच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या किशोरला बोलावून घेतलं. त्याने केबल बदलली, राउटर बंद करून पुन्हा लावला. फरक पडेना. मग त्याने वायफायवर कोण कोण आहे त्याची यादी उघडली.

"मॅडम, आणखी एक फोन तुमच्या सर्व्हरवरून फाइली खेचतोय. त्यामुळे तुमचं काम रखडलंय. योगेश असं नाव दिसतंय."

तृप्तीने स्क्रीन आपल्याकडे वळवून ते नाव पाहिलं. "पासवर्ड त्याला माहीत आहेत, मी बदललेच नाहीत. पण तो तर सिन्नरला असतो."

किशोरने आवाज खाली आणला. "हे बाहेरच्या इंटरनेटवरून चाललेलं नाही, मॅडम. तुमच्याच वायफायवरून चाललंय. म्हणजे फार तर भिंतीपलीकडून."

"काढून टाक त्याला. आत्ताच."

किशोरने पासवर्ड बदलले, तो फोन यादीतून गेला. फाइली भराभर उतरू लागल्या. तृप्तीने श्वास सोडला, तेवढ्यात दारावर हलकेच टकटक झाली.

"तृप्ती," बाहेरून शांत आवाज आला, "वायफाय का बंद केलंस गं?"