ओट्याचं माप

"सिद्राम, तिसरा आठवडा चाललाय! ओट्याचा खर्च सांगायला मुहूर्त लागतो का?" भास्करराव फोनवर ओरडले.

सिद्राम धरून तीन मिस्त्री आले, स्वयंपाकघरातला खचलेला ओटा पाहून, चहा पिऊन गेले. पुन्हा एकाचाही फोन नाही. लोकांना काम नकोय, की आपलंच काही चुकतंय, हे त्यांना उमगत नव्हतं.

"काका, मीच तुमच्या फोनची वाट बघतोय," सिद्राम म्हणाला. "रांधणाऱ्या बाईच्या कमरेचं माप घेऊन ओटा बांधतात. उंचीशिवाय अंदाज कसा देऊ? काकू गावाला गेल्यात म्हणालात. आल्या का?"

 आधीच्या दोघांनाही भास्कररावांनी हेच सांगितलं होतं. खरं सांगायला तोंडच उघडत नव्हतं.

"ती वारली रे. फाल्गुनात."

पलीकडे फरशी कापायचं मशीन बंद झालं.

"मग रांधतं कोण?"

"मीच."

"संध्याकाळी टेप घेऊन येतो. तुम्हीच उभे राहा, काका. अनवाणी. सपातांनी माप चुकतं."

फोन ठेवून भास्कररावांनी लगेच सपाता काढल्या. संध्याकाळ व्हायला अजून पुष्कळ वेळ होता. ते ओट्यापाशी तसेच उभे राहिले.