आतला थर

लातुरातल्या पार्वतम्मांच्या गोधडीच्या वर्गात शाळकरी मुलींपासून आजीबाईंपर्यंत साऱ्या शिकत. पहिला धडा ठरलेला असे: फाटके कापड आतल्या थरात घालायचे, धड कापड वर ठेवायचे.

आज त्यांची लेक अंजू शिवायला बसली. नवऱ्याचे घर सोडून ती नुकतीच माहेरी आली होती. पदरापासून उभी टरकावलेली साडी तिने सगळ्यांत वर पसरली.

"ती आत घाल, अंजू. लोक बघतील."

"बघू दे. आजवर आतच घालत आले न्हाई का मी?"

"ही गोधडी घेऊनच तुला सोमवारी नांदायला जायचंय."

"मी न्हाई जाणार, अव्वा. ही तेवढी धाडा. ज्यानं फाडली, त्याच्याच अंगावर दिसू दे."

तिचा आवाज चढला नव्हता. तिने साडीत सुई घातली. कोपऱ्यात सत्तरीच्या चंद्रप्रभाकाकूंची गोधडी पुरी होत आली होती. त्यांनी ती उलटी केली आणि अंजूपुढे हात पसरला.

"कात्री दे गं. माझंबी फाडलेलं लुगडं आतच राहिलंय."