गाडीतला बारीक आवाज

“काय म्हणालास?” वडिलांनी विचारलं आणि काच आणखी दोन बोटं खाली केली.

“म्हटलं, तुम्ही एकटे नीट राहाल ना, बाबा?” मुलगा ओरडला.

“डावीकडे घे. वळण आलं.”

ती गाडी म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा डबा होता. जरा वेग घेतला की टायरांची घरघर पायांखालून वर यायची, दारं तिच्यात आपला सूर मिसळायची, आणि आतल्या माणसांना साधं ‘बरं’ म्हणायलाही घसा खरवडावा लागायचा.

घरी तरी काय वेगळं? स्वयंपाकघरात रेडिओ, पंखा थंडीतसुद्धा पाचावर. अडगळीतलं जुनं टोल्यांचं घड्याळ वडिलांनी स्वतःच्या उशाशी टांगलं होतं. आयुष्यभर वस्तऱ्याने दाढी केलेला माणूस आता घुंघुं करणारं यंत्र गालावरून फिरवत होता. निवृत्त हेडमास्तरांचे एकेक नवे शौक. शिस्त मात्र जुनीच. उकाड्याने जीव जात असला तरी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं.

मुलाची दूरच्या देशात तीन वर्षांसाठी नेमणूक झाली होती. रविवारचं विमान. पण आई गेल्यापासून वडील एकटेच, आणि ते धडधाकट आहेत, एकटे निभावतील, याची खात्री पटल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता. खात्री नाही पटली तर नेमणूक नाकारायची, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. विषय काढला की वडील “जा की बिनधास्त” म्हणत आणि रेडिओचा कान पिळत. म्हाताऱ्याला एकटेपणाची धास्ती आहे आणि ती आपल्यापासून लपवतोय, असा हिशेब मुलाने मांडला होता.

तेव्हा त्याने उपाय काढला. गाडी आतून गप्प करायची, वडिलांना लांबच्या रस्त्यावर न्यायचं, मग बघू कुठे पळतात!

“कशाला नसता खटाटोप?” वडील म्हणाले. “आवाज असला की गाडी जिवंत वाटते.”

“तुम्हाला सांगून करतोय, हे काय कमी आहे? तुम्ही तर मला न सांगता सहलीला गेला होतात. दोन-तीन आठवडे फोन नाही.”

“डोंगरात कुठला लागणार फोन?” म्हणत वडिलांनी रेडिओ लावला.

हे काम करणाऱ्या कारागिराला सगळे गादीवाला म्हणत, कारण तो गाडीला आतून गादीच शिवायचा. दुसऱ्यांचा आवाज मारण्यावर त्याचं पोट, पण स्वतः बोलायचा तो नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसा. त्याने सीटा उपटल्या, गाडीच्या तळाला आणि चाकांवरच्या पत्र्याला आतून जाड चिकट शीट थापलं, दारांत फोम भरला, रबरं बदलली, टायर मऊ चालीचे घातले.

“एक आधीच सांगतो, साहेब,” तो गरजला. “मोठा आवाज मेला की बारके तोंड वर काढतात. मग माझ्या नावाने खडे फोडू नका.”

मुलाने आणि गादीवाल्याने गाडी फिरवून आणली. आत देवघरासारखी शांतता. मुलगा खूश झाला. संध्याकाळी तो वडिलांना घेऊन निघाला. वडील हात रेडिओकडे नेत होते, तो त्याने वाटेतच धरला.

“आज नाही, बाबा. आज बोलायचं.”

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मुलाने तोंड उघडलं, तोच कुठेतरी टिक् झालं.

टिक्. टिक्. टिक्.

“ऐकलंत?”

“मला नाही बुवा काही ऐकू येत,” वडील म्हणाले आणि गाणं गुणगुणू लागले. ते आयुष्यात कधी गुणगुणले नव्हते.

मुलाने गाडी थेट गादीवाल्याकडे वळवली.

“टिकटिक? माझ्या कामात?” गादीवाला वडिलांच्या सीटवर धपकन बसला, चक्कर मारून आला. काही नाही. “काका, आता तुम्ही बसा.”

“राहू द्या हो. एवढ्यातेवढ्याने काय होतंय?”

“माझ्या अब्रूचा प्रश्न आहे, काका!”

वडील बसले. मागच्या सीटवर गादीवाला. गाडी हलली आणि टिक् टिक् सुरू.

“घड्याळ काढा,” मुलगा म्हणाला. वडिलांनी मुकाट्याने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. गादीवाल्याने ते खिडकीबाहेर लांब धरलं. टिक् टिक् आतच.

“सीटचा सांगाडा,” गादीवाल्याने निदान केलं. “काकांच्या वजनाला वाजतोय, माझ्या वजनाला दबतोय. उद्या खोलतो.”

“सांगाडा फक्त चालत्या गाडीत वाजेल,” मुलगा म्हणाला. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, काचा वर केल्या.

टिक्. टिक्. टिक्. आता जरा जलद.

“पट्ट्याचं कुलूप असेल,” म्हणत तो वडिलांचा पट्टा सोडायला वाकला. वडील मागे सरकले, पण मागे सीट होती. मुलाचा कान त्यांच्या शर्टाला लागला आणि तिथेच राहिला.

गादीवाला पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. “सापडलं का, साहेब?”

 वडिलांनी गळ्याजवळचं बटण सोडलं आणि मुलाच्या केसांवर हात ठेवला.

“ती सहल नव्हती रे,” ते म्हणाले. “हृदयात धातूची झडप बसवलीय. वाजणारच.”